बाबा, फिरायला जरा उशिरा निघा

स्टुटगार्ट, १४ डिसेंबर

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर बीपीचा विषय निघाला की बाबा फोन आईच्या हातात देतात, म्हणून पत्र. मंदार मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते, टोपी घालते. आणि आई, तू फॉरवर्ड केलेली इथल्या घाणेरड्या हवेची बातमी जुनी आहे गं. हे शहर वाडग्यासारख्या खोऱ्यात आहे, हवा कोंडते. २०१६ पासून थंडीत धूलिकणांचा अलार्म द्यायचे, गाड्या घरी ठेवा म्हणायचे. धूळ शोषायला रस्त्याकडेला शंभर मीटर लांब शेवाळाची भिंतही उभारली होती (हसू नका, खरंच). २०१९ मध्ये जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, २०२० नंतर तो अलार्मही बंद झाला. तेव्हा माझी काळजी नको.

आता इथली एक तऱ्हा ऐका. बाहेर उणे चार असलं तरी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडायच्या. फट ठेवून चालत नाही, सताड! हीटर बंद करून, पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. भाडेकरारात तसं लिहिलेलं असतं. घरं इतकी घट्ट बांधतात की आंघोळीची, वरणाची वाफ भिंतीत मुरते, बुरशी धरते, आणि मग दोष भाडेकरूचा. घरमालकीण आजी जिन्यात भेटल्या की माझी तब्येत नाही, खिडक्यांची चौकशी करतात. सुरुवातीला स्वेटरवर स्वेटर चढवून कुडकुडत उभी राहायचे. आता मलाच बंद खोलीत कोंदटतं. फक्त माझी खिडकी हमरस्त्यावर आहे, म्हणून गाड्यांची गर्दी ओसरल्यावरच उघडते.

बाबा, तुम्हीही तेवढंच करा, हवा जरा निवळल्यावर बाहेर पडा. "चाळीस वर्षं हीच हवा खातोय" हे नेहमीचं उत्तर नको, कारण मी चाळीस वर्षांचं नाही, त्या-त्या दिवसाचं बोलतेय. २०१५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २८ देशांतल्या ९४ अभ्यासांचा एकत्र हिशेब आला होता. हवेतले पीएम २.५ म्हणजे अगदी बारीक धूलिकण घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमनं वाढले, तर पक्षाघाताचा धोका साधारण १ टक्क्यानं वाढतो, आणि हा संबंध सर्वांत ठळक त्याच दिवशी दिसतो. एक टक्का म्हणजे किरकोळ, म्हणाल. पण थंडीत पुण्यातला आकडा दहावर थोडाच थांबतो? आणि ज्याला आधीच बीपी आहे, त्याला तोच टक्का महाग पडतो. बॉस्टनच्या २०१२ मधल्या अभ्यासात तर हवा 'चांगली'ऐवजी नुसती 'मध्यम' झाली, तरी २४ तासांत धोका ३४ टक्के जास्त दिसला. बारीक कण फुप्फुसात खोल जातात, अंगात दाह होतो, रक्तवाहिन्या आकसतात, दाब चढतो, रक्ताची गुठळी व्हायला सोपं जातं.

फिरणं सोडू नका. पहाटे साडेपाचला सिंहगड रोडवर नको, एवढंच. तुम्ही ज्याला गुलाबी थंडीचं धुकं म्हणता, त्यात शेकोट्यांचा आणि कचऱ्याचा धूर असतो. ऊन वर आलं की गल्लीतून जा. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं 'सफर' रोज हवेचा आकडा देतं, तो पाहा. पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा आपल्याकडे ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. आणि गोळी चुकवू नका. हवा कितीही स्वच्छ असली तरी गोळी लागतेच.

आई, हे तुझ्यासाठी. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, जीभ अडखळली, तर घड्याळ बघायचं आणि लगेच १०८. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात. आधी मला फोन करत बसू नका. मी निघाले तरी पोचायला दिवस जातो. तिकिटांच्या वेळा मी उगाचच बघून ठेवते अधूनमधून.

असो. तीस हजार पाठवलेत, ते बाबांच्या तपासण्यांचे आहेत. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे वेगळे पाठवीन, यातून उचलू नका. चिन्मयीच्या लग्नाला मात्र जमत नाहीये. मावशीला मीच सांगते, तू आधी बोलू नकोस, नाहीतर दोघी मिळून रडाल. आणि नाशिकचं स्थळ: मुलगा म्युनिकला आहे, म्हणजे जवळच, हे मान्य. एकदा बोलते त्याच्याशी. नुसतं बोलते हं, लगेच पत्रिका घेऊन गुरुजींकडे जाऊ नका.

तुमची,
सई