मंगळवारी रात्री फोन का लागत नाही

ठाणे, 9 नोव्हेंबर

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

आई, मंगळवारी रात्री माझा फोन का लागत नाही, असं तू तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी ऑफिसचं काम सांगितलं. ते खोटं होतं. जूनपासून मंगळवारी मी अंधेरीला ओपन माइकला जाते. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून हे पत्र.

ओपन माइक म्हणजे एका कॅफेच्या तळघरात चाळीसेक खुर्च्या, एक माइक आणि आधी फॉर्म भरून नंबर लावलेले पंधरा जण. प्रत्येकाला पाच मिनिटं. एकट्यानं उभं राहून बोलायचं आणि लोकांना हसवायचं. चार मिनिटं झाली की मागून कुणीतरी मोबाइलचा टॉर्च दाखवतं, म्हणजे आता आवरा. मुंबईत हे रुजलं ते लंडनच्या ‘कॉमेडी स्टोअर’नं 2010 मध्ये लोअर परळला शाखा काढली त्या सुमारापासून. पण बाबा, तुम्हाला यात नवल वाटायला नको. शंकर पाटील, मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथा सांगत फिरायचे, ते तुम्ही शाळेत असताना ऐकलंय आणि अजून आम्हाला सांगता.

पहिल्या दिवशी कुणीही हसलं नाही. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. बाकीचे हिंदीत बोलतात म्हणून मीही हिंदीत बोलले होते. महिनाभरानं मराठीत बोलायला लागले तेव्हा जिभेवरचा दगड उतरला, पण अडचण वेगळीच निघाली. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं. हसू यायचा शब्द मधेच येऊन जातो आणि मागून ‘होतं’, ‘केलं’ येऊन त्याच्यावर पाणी ओततात. दर मंगळवारी मी फोनवर स्वतःचं रेकॉर्डिंग करते आणि परतीच्या लोकलमध्ये वही काढून वाक्यं उलटीपालटी करत बसते. कुठे हशा आला, कुठे नुसता खोकला, सगळं लिहून ठेवते. ज्या शब्दावर हसू येतं त्याला पंच म्हणतात. बाबा, तुम्ही एसटीत कंडक्टर होतात तेव्हा तुमच्या तिकिटांच्या चिमट्यालाही आपण पंचच म्हणायचो.

आता खरं जे सांगायचंय ते.

मे महिन्यात तुम्ही आला होतात, तेव्हा आपण दादरला संध्याकाळच्या लोकलमध्ये चढलो. दारात ही गर्दी, आत जायला वाव नाही. तुम्ही एसटीतल्या आवाजात म्हणालात, “चला, पुढे सरका, मधे लई जागा हाय!” ते मी सप्टेंबरमध्ये माइकवर सांगितलं. तुमचा आवाज काढला, तुमची भाषा काढली. सगळं तळघर हसलं. मला मिळालेला तो पहिला मोठा हशा.

घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं आणि झोप लागली नाही. लोक ‘हाय’ला हसले होते. गावाकडच्या म्हाताऱ्याला हसले होते, आणि तो म्हातारा मीच त्यांच्यापुढे उभा केला होता. कराड–चिपळूण गाडीत तीस वर्षं माणसं हलवणारा माझा बाप त्यात कुठेच नव्हता.

पुढच्या मंगळवारी आवाज काढला नाही. हशा गेला. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच. पाचव्या खेपेला मला सापडलं की त्या दिवशी गंमत तुमच्या बोलण्यात नव्हतीच. सरकणाऱ्या माणसांत होती. कानात इअरफोन घातलेली, मान वर न करणारी, कुणाच्या बापाचं न ऐकणारी माणसं. आता मी ते असं सांगते: “बाबा म्हणाले, पुढे सरका. आणि सरकला... अख्खा डबा!” परवा हसले, आणि हसताना दोनतीन जण मान डोलावत होते. त्यांच्याही घरी तुमच्यासारखं कुणी असणार.

पण हे तुमचं आहे, बाबा, आणि मी न विचारता वापरलं. तुम्हाला नको असेल तर मी ते काढून टाकेन, मनात काही न ठेवता. चालणार असेल तर एक सांगा. बाजाराच्या दिवशी पाटणला गाडी खच्चून भरली की तुम्ही दांडीवर पंच वाजवून काहीतरी म्हणायचात आणि मागची माणसं हसत हसत आत जायची. मी लहान होते, पुढच्या सीटवर बसलेली. माणसांचं हसणं आठवतं, तुमचे शब्द आठवत नाहीत. ते मला जसेच्या तसे हवेत. आईला सांगून लिहून घ्या, ती तुमच्या तोंडचं बदलणार नाही.

आई, नोकरी नीट चालू आहे. रात्री एकटी नसते, आम्ही तिघी जणी ठाण्यापर्यंत बरोबर येतो. इथून पुढे घरी पोचले की किती वाजले तरी फोन करेन. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या महिनाअखेरीला संपतील, त्या मी इथून पाठवते.

तुमची,
ताई