विषय: दुसऱ्या कम्प्युटरवरचे मेल लॅपटॉपवर लावून देताना तुमच्या माणसाने केलेला घोळ

नमस्कार,

तुमच्याकडे आमचं वर्षाचं मेंटेनन्सचं कॉन्ट्रॅक्ट आहे, पैसे भरलेत, पावती आहे. फोनवर तीनदा सांगून झालं, दर वेळी नवीन माणूस आणि परत पहिल्यापासून सगळी रामकहाणी, म्हणून आता लिहूनच पाठवतेय.

माझं विम्याचं काम, घरूनच करते. २०१२ पासूनचे मेल बाहेरच्या खोलीतल्या डेस्कटॉपवर आउटलुकमध्ये आहेत, पॉप (मेल कम्प्युटरवर उतरवून घेणारी पद्धत) लावलेलं त्यामुळे सर्व्हरवर काही राहत नाही, जे आहे ते त्या एका पीएसटी फाइलमध्ये. त्या खोलीत सासूबाई झोपतात, रात्री दिवा लावायची सोय नाही, म्हणून तेच मेल मला आत लॅपटॉपवर बघायचे होते. एवढंच.

तुमचा मुलगा आला, डेस्कटॉपचा फोल्डर शेअर केला आणि वायफायवरून तीच फाइल लॅपटॉपच्या आउटलुकमध्ये उघडून दिली, अर्ध्या तासात गेला पण. मी तेव्हाच विचारलेलं, दोन्हीकडे एकदम उघडलं तर? "काय नाय होत मॅडम." दुसऱ्याच दिवशी लॅपटॉपवर मेसेज, फाइल वापरात आहे. बरं डेस्कटॉपवरचं आउटलुक बंद करून यावं तर थोड्या वेळाने तो स्लीपमध्ये जाणार, की मी परत अंधारात चाचपडत जाऊन माउस हलवून यायचं, सासूबाई विचारणार कोण आहे! आठवडाभर हे केलं. मग एका संध्याकाळी मेल येत असतानाच लाईट गेली, डेस्कटॉप बंद, राउटर बंद, लॅपटॉप तेवढा बॅटरीवर चालू, आणि त्यानंतर ती १४ जीबीची फाइल कुठूनच उघडेना. स्कॅनपीएसटी, म्हणजे आउटलुकचं फाइल दुरुस्त करायचं टूल, रात्रभर चालवलं तेव्हा बरंचसं आलं, पण पॉलिसीचे कितीतरी मेल फोल्डरबाहेर एका ढिगात पडलेत आणि काही अटॅचमेंट गायबच.

नंतर भाच्याने दाखवलं, मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं की पीएसटी नेटवर्कवरून अशी उघडून वापरू नका. आउटलुक त्यात सारखं काही ना काही लिहीत असतं, मध्येच कनेक्शन तुटलं की फाइल बिघडते. मला नव्हतं माहीत, ठीक आहे, पण तुमचा तर धंदाच हा ना? शिवाय शेअर दिलाय 'एव्हरीवन'ला, पासवर्ड नाही, म्हणजे घरी वायफाय मागणाऱ्या कुणालाही माझ्या ग्राहकांचे कागद उघडे.

आणि वर म्हणे डेटा आमची जबाबदारी नाही, रिकव्हरीचे ३५०० वेगळे. अहो बॅकअप न घेता हात कुणी लावला?

तर फाइल पैसे न घेता नीट करून द्या, नसेल जमत तर मी बाहेरून करून घेते, बिल तुम्ही भरा. आणि आता आयमॅप लावा, मेल सर्व्हरवरच राहतील, दोन्हीकडे तेच दिसतील, एकाने फाइल धरली म्हणून दुसरा अडणार नाही. जुने फोल्डरही त्यात चढवता येतात, खात्यात जागा आहे, बघितलंय मी. फक्त कशालाही हात लावायच्या आधी फाइलची कॉपी बाहेरच्या हार्डडिस्कवर, माझ्यासमोर.

माणूस गुरुवारी पाठवू नका, त्या दिवशी आमच्याकडे लाईट नसते.