शिलाई मशीनवाल्या मामांना, माझ्या क्लॅरिनेटकडून

मामा, नाव टाकलं तर चिडाल म्हणून टाकत नाही, पण सोलापुरात युनिफॉर्मवाल्यांच्या मशिनी दुरुस्त करणारे आणि येणाऱ्याला आधी शिव्या घालणारे मामा म्हटलं की आमच्या बँडातली पोरं बरोबर ओळखतील.

मार्गशीर्षातली लग्नं तोंडावर आणि माझ्या क्लॅरिनेटच्या खालच्या भागातली रिंगांची चावी (बोटांखालच्या कड्या जोडलेली दांडी) जड झालेली, बोट उचललं तरी पॅड (भोक झाकणारी गादी) सावकाश वर यायचं, फास्ट गाण्यात सूर गिळला जायचा. मी आपलं स्प्रिंग ढिली पडली समजून वाकवून कडक केली, मग तर बोटंच दुखायला लागली.

तुम्ही क्लॅरिनेट पहिल्यांदाच हातात घेतलं (पिपाणी म्हणालात, असो) आणि विचारलंत, दिवसभर जड असते का सकाळीच? मी म्हटलं सकाळी लै, दुपारी उन्हात जरा बरी. "खोबरेल घातलंस ना?" घातलं होतं मामा, दर आठवड्याला. २४-२५ डिग्रीच्या खाली ते गोठतं हे बाथरूमातल्या बाटलीत दर थंडीत बघतो, पण चावीच्या नळीतपण तेच होणार हे सुचलंच नाही.

मग सुईच्या टोकानं स्प्रिंग खाचेतून बाजूला केलीत आणि चावी नुसती सोडून दिलीत. मोकळी असती तर स्वतःच्या वजनानं पडली असती, ही मधेच लटकून राहिली. म्हणजे स्प्रिंग बिचारी निर्दोष. चावीच्या नळीतला लांब स्क्रू काढला तर त्याच्यावर हिरवट तपकिरी चिकटा, जुन्या कढईच्या बुडासारखा. चावी सुटी करून नळीतून पेट्रोलमधला सुताचा दोरा चारदा ओढलात, पहिला काळा, चौथा पांढरा, आणि पॅडला पेट्रोल लागू नये म्हणून मला कागद धरून बसवलंत. शेवटी मशीनच्या तेलाचा एक थेंब, तोपण सुईनं. अजून एक टाका म्हटलं तर हातावर फटका, जास्तीचं तेल धूळ ओढतं म्हणे. मी वाकवलेली स्प्रिंग परत सैल करताना मात्र तुम्हीपण श्वास रोखून होता, बघितलं मी. तुटली असती तर सीझन घरात बसून.

पैसे विचारले तर फक्त तेलाच्या बाटलीचे घेतलेत. थँक्यू मामा. आणि एक सांगायचं राहिलं, वरच्या भागातपण मी खोबरेलच घातलंय. रविवारी घेऊन येतो, मारू नका.