मॉडेल रेल्वेच्या लाकडी डब्यांची जोडणी: रविवारी येण्याआधी एवढे करा

सर्व सभासदांना नमस्कार.

आपल्या गच्चीवरच्या छोट्या रेल्वेसाठी प्रवासी डब्यांचे किट जोडायला येत्या रविवारी सकाळी १० वाजता दादरला नेहमीच्या गच्चीवर जमायचे आहे. प्लायच्या भागांना दोन्ही बाजूंनी सँडिंग सीलर (लाकडाची छिद्रे बुजवणारा लेप) घरूनच मारून आणा. एकाच बाजूला मारलात तर आपल्या दमट हवेत दुसरी बाजू ओल धरते आणि फळी वाकते. जिथे सांधा येणार तिथे आधी मास्किंग टेप लावा, कारण सीलरवर गोंद नीट धरत नाही. लेझरने कापताना जळून काळ्या झालेल्या कडाही पॉलिश पेपरने हलक्या घासून घ्या. गोंद पाण्यात टिकणाराच हवा.

छत कृपया चिकटवू नका. आतला रंग, बाकडी, पुढची दुरुस्ती, सगळे तिथूनच होते.

बोगींना, म्हणजे डब्याखालच्या चार-चार चाकांच्या सांगाड्यांना, मात्र वेळ द्या. एक बोगी फक्त पुढे-मागे झुलू द्यायची, दुसरी डावी-उजवीकडेही. मग कुंडीच्या कडेला रूळ थोडे खालीवर असले तरी आठही चाके टेकतात. वजन तळाशीच ठेवा.

माथेरानच्या गाडीसारखे डबे करणाऱ्यांनी १:१९ (खऱ्याच्या एकोणिसाव्या भागाएवढे) हेच प्रमाण धरावे. तिथल्या दोन रुळांमधले ६१० मिमी अंतर या प्रमाणात आपल्या रुळांच्या ३२ मिमीला बरोबर जुळते. १९०७ पासून घाट चढणारी ही गाडी आपल्या गच्चीवर धावावी, अशी माझी फार इच्छा आहे.

क्लॅम्प कमी आहेत, असतील त्यांनी आणावेत. कपड्यांचे चिमटेही चालतील. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.