सरचूच्या तंबूतून

सरचू, रात्रीचे आठ

ती. आई-बाबा,

शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे. हे आधी वाचा, बाकीचं मग. आई, चष्मा लावून तूच मोठ्याने वाच. बाबांच्या हातात दिलंस तर ते मधलं गाळून शेवट सांगतील.

मनालीहून केलाँगपर्यंत सायकल आणि तिथून बसने परत, असं सांगून मी घरातून निघाले होते. ते खरं नव्हतं. फेब्रुवारीतच मी लेहपर्यंतचे पैसे भरले होते. आज दुपारी बारालाचाची खिंड ओलांडून सरचूला पोचले, आणि चार दिवसांनी लेहला पोचेन. तुमच्याशी खोटं बोलले याचं मनालीपासून रोज वाईट वाटतंय. संध्याकाळी चहा हातात आला की जास्तच वाटतं, कारण घरी ती तुमच्या चहाची वेळ असते.

दादानंतर रात्री नऊच्या पुढे फोन वाजला की आई अजूनही आधी बाबांकडे बघते. दिवाळीत मी ते पाहिलं. बाबांच्या स्टेंटला जेमतेम दीड वर्ष झालंय. खरं सांगितलं असतं तर पंधरा दिवस तुम्ही दोघं जेवण सोडून नकाशा घेऊन बसला असता. म्हणून नाही सांगितलं. तुमच्या जावयांना सगळं ठाऊक आहे. त्यांच्यावर चिडू नका, मीच त्यांना शपथ घातली होती.

मी काही अचानक उठून आलेली नाही. सहा महिने दर रविवारी पहाटे पाचला बाहेर पडत होते. पसरणीचा घाट सात वेळा चढले. ट्रेडमिलची टेस्ट केली, रक्त तपासलं, डॉक्टरांनी लेखी दिलं तेव्हाच नाव नक्की केलं. आम्ही चौदाजण आहोत. मागे औषधं, ऑक्सिजनचे सिलिंडर आणि मेकॅनिक घेऊन गाडी असते. सगळ्यांत शेवटी आमच्यातला एक अनुभवी माणूस चालवतो, त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. आमचे म्होरके फार कडक आहेत. परवा खिंडीच्या अलीकडच्या मुक्कामी, झिंगझिंगबारला, एका मुलीचं डोकं दुखायला लागलं, दोनदा उलटी झाली. त्यांनी तिला रात्रीच गाडीत घालून केलाँगला खाली पाठवलं. ती रडली, तरी ऐकलं नाही. कारण असं की खिंड ओलांडून सरचूला आल्यावर त्रास झाला, तर खाली उतरायला आधी पुन्हा तीच खिंड चढावी लागते. ती आता ठणठणीत आहे. हे तुम्हाला घाबरवायला नाही सांगत, किती सांभाळून नेतात ते कळावं म्हणून सांगतेय.

मलाही रोज दोनदा ऑक्सिजन बघायला कोरोनातलं ते बोटाला लावायचं यंत्र लावतात. आत्ता 84 आलं. घरी 84 आलं असतं तर आपण रिक्षा बोलावली असती, पण एवढ्या उंचीवर सगळ्यांचंच ऐंशीच्या घरात येतं. डोकं दुखत नाही, जेवले आहे, मळमळ नाही.

आजचा दिवस मात्र सांगायलाच हवा. झिंगझिंगबारहून सकाळी सहाला निघालो. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि रस्त्यावरून वाहणारे नाले दुपारपर्यंत फुगतात, म्हणून इतक्या लवकर. सकाळी तेच पाणी घोट्याएवढं असतं, पण इतकं गार की पाय आपले वाटत नाहीत. दुसऱ्या नाल्यात गोट्यांवरून पुढचं चाक सरकलं आणि मी डाव्या कोपरावर आले. अंगात जाड जर्किन होतं, त्यामुळे नुसतं खरचटलंय. बीटाडीन लावून पट्टी बांधली. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधीच घेतलं होतं, आई. लिहिताना दुखत नाही, अक्षरावरून कळेलच.

तिथून खिंड साधारण वीस किलोमीटर. सपाटीला तासाभराचं काम, मला चार तास लागले. वर हवा समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडीच जास्त. एकावर एक तीन कळसूबाई ठेवल्या तर जेवढं उंच, जवळजवळ तेवढी ती खिंड आहे. सगळ्यांत हलक्या गिअरवरही दहा-बारा पायडल मारली की छाती भरून यायची. थांबायचं, दोन घोट पाणी, पुन्हा निघायचं. एका वळणावर पुढचे लोक ठिपक्यांएवढे दिसले. रस्ता अजून चार पदर वर जात होता. पोटात गोळा आला.

बाबा, तेव्हा तुमचा यवतेश्वरचा घाट आठवला. तुमच्या अ‍ॅटलासच्या दांडीवर ती छोटी सीट, त्यावर मी, आणि मागून तुमचा श्वास. "चढाला मान वर करायची नाही, मने. चाकापुढची हातभर वाट बघ." मी तेच केलं. हातभर डांबर, मग हातभर खडी, मग बर्फाच्या पाण्याचा ओघळ, मग पुन्हा डांबर. तुमच्या हँडलला लटकलेली भाजीची पिशवी गुडघ्याला लागायची, तेसुद्धा आठवलं. किती वेळ गेला कळलं नाही. मान वर केली तेव्हा डाव्या हाताला सूरज ताल होता. हिरवट निळं पाणी, कडेला जुलैतही बर्फ. मी तिथे बसून आईने दिलेला शेंगदाण्याचा लाडू खाल्ला आणि खूप रडले. दमले होते म्हणून नाही. तुम्ही तिथे असायला हवे होतात म्हणून.

आई, आता तुझ्यासाठी. सूरज तालातून भागा नदी निघते. याच बारालाचाच्या दुसऱ्या अंगाने चंद्रा निघते. दोघी डोंगराला दोन बाजूंनी वळसा घालून खाली तांदीला भेटतात, आणि तिथून पुढे त्या नदीला चंद्रभागा म्हणतात. तीच पुढे चिनाब. पंढरपूरची आपली चंद्रभागा म्हणजे भीमा, ही नदी वेगळी, हे मला माहीत आहे. पण आषाढीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तांदीला होतो आणि गुडघ्यांमुळे यंदा तुझी वारी चुकली होती. मी संगमावर उतरून औषधाच्या स्वच्छ धुतलेल्या बाटलीत पाणी भरून घेतलंय. पाण्यात हात घातला तेव्हा तुझं नाव घेतलं. बाटली मोज्यात गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवलीय.

खिंडीपासून सरचू चाळीसेक किलोमीटर, बराचसा उतार. दुपारनंतर समोरून असा वारा सुटला की उतारालाही पायडल मारावी लागली. तो भाग कंटाळवाणा होता, सोडून देते.

राहण्याची काळजी नको. तंबू पक्का आहे, आत पलंग, दोन जाड रजया, आणि शेजारी नागपूरच्या एक बाई, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. झोपताना गरम पाण्याची पिशवी मिळते. रात्री डाळ-भात होता, त्यावर तुझं मेतकूट आणि तूप घातलं. नागपूरच्या बाईंनाही दिलं. तू विणलेली कानटोपी डोक्यावर आहे, बाबांचे लोकरी मोजे पायात.

उद्या गाटा लूप्सची 21 वळणं आहेत, परवा लाचुंग ला (इकडे 'ला' म्हणजे खिंड) आणि मग मोरेचं जवळपास चाळीस किलोमीटरचं सपाट मैदान. त्यानंतर टांगलांग ला, 5,328 मीटर. तो आजच्यापेक्षा उंच आहे. हेही आत्ताच सांगते, म्हणजे पुन्हा काही लपवलं असं व्हायला नको. तोवर शरीर या हवेला बरंच रुळलेलं असतं. आणि त्रास वाटला तर मी गाडीत बसेन, हट्ट करणार नाही. दादाची शपथ.

आता माझं ऐका. बाबा, या महिन्यात हृदयाचा एको करायचाय. मी आले की जाऊ, असं म्हणू नका, गुरुवारची वेळ मी घेऊन ठेवलीय, जावई गाडी घेऊन येतील. रक्त पातळ व्हायची गोळी जेवण झाल्यावर घ्यायची, विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत. पावसात स्कूटर काढायची नाही, मंडईत तर नाहीच. आई, तू माळ्यावरची बरणी काढायला स्टुलावर चढू नकोस. मोरीत रबराचं पायपुसणं टाकलंय, ते सारखं उचलून वाळत घालू नकोस, पाय घसरेल. आणि एकादशी झाली, आता गुरुवारचा उपास सोड. बीपीची गोळी उपाशीपोटी घेतेस आणि मग चक्कर येते म्हणतेस. जरा रागावून लिहिलं, पण इतक्या लांबून दुसरं करता काय येतं मला?

माझ्या फोनला जिस्पानंतर रेंज नाही. सकाळी इथली सामानाची गाडी केलाँगला जाते, तिच्या ड्रायव्हरकडे हे पत्र देतेय, तो तिथल्या पोस्टात टाकेल. तुमच्या हातात पडेल त्याआधी माझा लेहहून फोन आलेला असेल. फोनवर मला एवढं बोलता येणार नाही. तू रडशील, बाबा फोन बाजूला धरतील आणि मी नुसतं "पोचले, जेवले" म्हणेन. म्हणून लिहिलं.

जनरेटर बंद व्हायची वेळ झाली. थांबते.

तुमची,
मनी

ता. क. मोठ्या आत्याला आत्ताच काही सांगू नका, मी आल्यावर बघू. आणि बाबा, ती अ‍ॅटलास भंगारवाल्याला द्यायची नाही. तिचे दोन्ही टायर मी आणतेय.