टेनिसची बॅग दुसऱ्यालाही उघडता यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली बावीस वर्षे मी कोल्हापुरात रोज सकाळी सहा ते साडेसात या वेळेत हौसेने टेनिस खेळतो. आमच्या गटात बँकेतून निवृत्त झालेले आहेत, वकील आहेत, लक्ष्मीपुरीत धान्याचा व्यापार करणारेही आहेत. स्पर्धा जिंकण्यासाठी आमच्यापैकी कोणी खेळत नाही, आणि बहुधा म्हणूनच खांद्यावरच्या बॅगेत काय आहे आणि काय नाही, याकडे आम्ही कधी गांभीर्याने पाहिले नव्हते. गेल्या मार्चमधील एका प्रसंगामुळे ते पाहणे भाग पडले. हौशी खेळाडूंच्या उपयोगी पडेल असे वाटल्याने तो अनुभव आपल्या वाचकांपुढे मांडत आहे.

डबल्सचा दुसरा सेट सुरू असताना माझे जोडीदार लागोपाठ दोन सर्व्हिस जाळीत मारून बेसलाइनवरच थबकले. त्यांचे वय त्रेसष्ट असून ते इन्सुलिन घेतात. त्यांचा शर्ट घामाने चिंब झाला होता, पण शर्ट सगळ्यांचेच भिजलेले असल्यामुळे त्यात कोणाला काही वेगळे जाणवले नाही. स्कोअर विचारला तर त्यांनी भलताच आकडा सांगितला आणि रॅकेट धरलेला हात थरथरू लागला, तेव्हा कुठे त्यांची साखर उतरली असावी हे आमच्या ध्यानात आले. “बॅगेत आहे,” एवढेच ते पुटपुटले. बॅग सात कप्प्यांची होती. एका कप्प्यात गुंडाळून ठेवलेल्या जुन्या ग्रिप, दुसऱ्यात ओला टॉवेल, तिसऱ्यात चष्म्याचे रिकामे घर, आणि चौथ्याची चेन काही केल्या सरकेना. अखेर वॉचमनमामांनी चहासाठी ठेवलेल्या डब्यातली तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून त्यांना पाजली आणि पंधरा-वीस मिनिटांत ते सावरले. नंतर त्यांनीच बॅग उघडून दाखवली. ग्लुकोजची पुडी रॅकेटच्या कप्प्यात अगदी तळाशी होती. तयारी त्यांनी केलेली होती. परंतु ती कुठे आहे हे त्यांच्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते.

शिकाऊ मुलांच्या बाबतीत असे सहसा होत नाही. पन्हाळा तालुक्यातील यवलूजची ऐश्वर्या जाधव २०२२ मध्ये विम्बल्डनच्या १४ वर्षांखालील स्पर्धेत खेळली, तेव्हा आपल्या जिल्ह्यातील साऱ्या टेनिसप्रेमींना अभिमान वाटला. त्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या पाठीशी प्रशिक्षक असतो, आईवडील असतात आणि त्यांची बॅग कोणीतरी तपासते. तालमीतही वस्तादाला प्रत्येक पोराची दुखरी नस ठाऊक असते. पन्नाशी-साठीच्या हौशी खेळाडूवर मात्र अशी कोणाचीच नजर नसते. त्याच्या जोडीदाराला त्याची बॅकहँड पक्की माहीत असते, पण त्याचा रक्तगट माहीत नसतो.

म्हणून माझी सूचना अशी, की बॅगेचा एक बाहेरचा, हाताला पटकन लागणारा कप्पा केवळ अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवावा आणि तो कोणता हे सोबत्यांना सांगून ठेवावे. त्यात सर्वांत वर ग्लुकोज किंवा साध्या साखरेची पुडी असावी. रक्तातील साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, असे मधुमेहींना सांगितले जाते. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांची साखर खेळताना अशी उतरू शकते, आणि खेळणाऱ्याचा घाम व थकवा यांमागे तिची लक्षणे झाकली जातात. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र त्याच्या तोंडात काहीही न घालता १०८ क्रमांकाला फोन करावा. त्याच कप्प्यात एका जाड कागदावर ठळक अक्षरांत नाव, रक्तगट, चालू औषधे आणि घरच्यांचा फोन नंबर लिहून ठेवावा. फोनला कुलूप असल्यावर त्यातली माहिती ऐन वेळी दुसऱ्याच्या उपयोगी पडेलच असे नाही. याशिवाय क्रेप बँडेज, चिकटपट्ट्या आणि ओआरएसची पुडी असावी. एक लिटर पाण्यासाठी असलेली अख्खी पुडी एका पेल्यात ओतून पिणारे मी पाहिले आहेत. तसे करू नये, द्रावण फार दाट होते.

बॅगेतील इतर गोष्टींबद्दल थोडक्यात लिहितो. रॅकेटचे गटिंग, म्हणजे तिच्या जाळीची तार, खेळताना केव्हाही तुटते, म्हणून दुसरी रॅकेट जवळ असलेली बरी. ती महागडी असण्याची गरज नाही. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बॅग ठेवू नये, कारण उष्णतेने गटिंगचा ताण उतरतो. कोपर दुखणाऱ्यांनी कडक पॉलिएस्टरऐवजी मऊ गटिंग भरून घ्यावे. चेंडूंचा नवा डबा उघडताना फुस्स असा आवाज येतो, तो आतल्या दाबाचा असतो, आणि उघडल्यानंतर चेंडूतला दाब काही दिवसांत कमी होत जातो. नियमाप्रमाणे चेंडू २५४ सेंटिमीटरवरून कठीण जमिनीवर सोडला तर तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. घरच्या फरशीवर डोक्याच्या उंचीवरून सोडलेला चेंडू कमरेपर्यंतही येत नसेल, तर तो मुलांना क्रिकेटसाठी देऊन टाकावा.

बुटांविषयी मात्र मला सविस्तर लिहावेसे वाटते. रंकाळ्याभोवती चालायला जाताना घालायचे बूटच अनेक जण कोर्टावर घेऊन येतात. ते बूट सरळ पुढे चालण्या-धावण्यासाठी बनवलेले असतात. टेनिसमध्ये पाय सारखा आडवा टाकावा लागतो आणि अशा उंच, मऊ टाचेच्या बुटात घोटा मुरगळतो. मातीच्या कोर्टासाठी तळाला माशाच्या काट्यासारखी नागमोडी नक्षी असलेले टेनिसचे बूट घ्यावेत, आणि ते स्वतंत्र पिशवीत ठेवून कोर्टावर आल्यावरच घालावेत. खेळ संपला की तळव्यांतील लाल माती तिथेच झटकावी, ती कोर्टाची असते. पावसाळ्यात आपल्याकडे चार-चार दिवस ऊन दिसत नाही. तेव्हा ओल्या बुटांत जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे कोंबून ठेवावेत आणि सकाळी बदलावेत. दोन रात्रींत बूट आतून कोरडे होतात. ओला टॉवेल आणि ओले मोजे बंद बॅगेत राहिले तर बुरशी धरते आणि पायाच्या बोटांमध्ये नायटा होतो. म्हणून घरी पोचताच बॅग पूर्ण रिकामी करून उघडी ठेवावी आणि रात्री जेवणानंतर पुन्हा भरावी. पहाटे अंधारात घाईघाईने भरलेल्या बॅगेत काही ना काही राहतेच, असा माझा अनुभव आहे.

त्या प्रसंगानंतर आमच्या आठ जणांच्या गटाने एकत्र बसून एक ठरवले. प्रत्येकाच्या बॅगेतील अडचणीच्या कप्प्याच्या चेनला वीतभर लाल फीत बांधलेली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही एकमेकांचे कप्पे उघडून पाहतो, विरघळलेली किंवा मुदत संपलेली पुडी बदलतो आणि कोणाचे औषध बदलले असेल तर कागदावर दुरुस्ती करतो. वॉचमनमामांनाही फितीचा अर्थ सांगून ठेवला आहे. रविवारी शहरातील एका कोर्टावरचे खेळाडू दुसऱ्या कोर्टावर खेळायला जातात, तिथे त्यांना ओळखणारे असतीलच असे नाही. त्यामुळे कोल्हापुरातील सर्वच गटांनी हाच लाल रंग स्वीकारावा आणि कोर्ट चालवणाऱ्यांनी तशी सूचना फलकावर लावावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपण हे पत्र प्रसिद्ध केल्यास ती सर्वांपर्यंत पोचेल.

आपला विश्वासू,
एक टेनिसप्रेमी वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर