तुझ्या कोर्सच्या पोर्टलवरचे शब्द

प्रिय सुमे,

स्वयमवरच्या ऑनलाइन कोर्सचे शब्दच कळत नाहीत म्हणून पाठवलेला तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला आणि आधी हसूच आलं गं, इतकी वर्षं पोरांना भूगोल शिकवणारी बाई एका पोर्टलपुढं रडकुंडीला आली! फोनवर सांगितलं तर तू हो हो म्हणशील आणि ठेवल्यावर सगळं विसरशील, म्हणून लिहूनच पाठवते.

पहिलं म्हणजे ते शब्द वहीत उतरवून पाठ करणं बंद कर. ज्या शब्दावर पैसे, मार्क किंवा तारीख अडलीय तेवढे आधी समजून घे, बाकीचे वापरता वापरता कळतात आणि नाही कळले तरी कोर्स काही अडत नाही.

तर स्वयम आणि एनपीटेल. हे दोन वेगळे कोर्स नाहीत. एनपीटेल हे व्हिडिओ कोर्सचं काम २००३ पासूनचं, आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेनं मिळून सुरू केलेलं, आणि स्वयम हे केंद्र सरकारचं पोर्टल २०१७ ला आलं. एनपीटेलचे कोर्स आता स्वयमवरच चालतात, त्यामुळं एकीकडं नाव नोंदवलं की दुसरीकडं परत नोंदवायचं नाही. आणि मूक म्हणजे कुणी मुकं नाही बाई, हजारो जणांना एकाच वेळी मोफत करता येईल असा ऑनलाइन कोर्स. २००८ मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाच्या एका कोर्सवरून ते नाव पडलं, वर्गात फी भरलेले २५ च्या आसपास आणि फुकट ऑनलाइन आलेले २,२०० च्या आसपास. म्हणजे आपल्या एनपीटेलचे व्हिडिओ त्या नावाच्या आधीचे, हे मला उगाचच भारी वाटतं.

आता पैशाचं. एनरोलमेंट फुकट, व्हिडिओ फुकट, असाइनमेंट फुकट. एक्झाम रजिस्ट्रेशन हे वेगळं, त्याची फी दर कोर्सला भरावी लागते, आणि ते तुला वेगळं जाऊन करावं लागतं, आपोआप होत नाही. तुला वाटलं की जॉइन केलं म्हणजे परीक्षेचंही झालं, तसं नाही. सर्टिफिकेट नको असेल तर एक रुपयाही न देता सगळं शिकता येतं, पण तुला तर प्रमोशनच्या फाइलला लावायचंय, तेव्हा परीक्षेच्या रजिस्ट्रेशनची शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल पेननं लिही. परीक्षा प्रॉक्टर्ड असते, म्हणजे केंद्रावर जाऊन, माणसं समोर उभी असताना द्यायची. घरी चहा पीत नाही.

मार्कांचं गणित बघ. असाइनमेंटचे २५ टक्के, परीक्षेचे ७५. तुझा कोर्स १२ आठवड्यांचा, त्यातल्या सगळ्यात चांगल्या ८ असाइनमेंटची सरासरी धरतात, त्यामुळं एखाद्या आठवड्यात लग्न निघालं किंवा पेपर तपासायला आले तर घाबरायचं कारण नाही. पण पास व्हायला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० असे दोन्हीकडं वेगवेगळे लागतात, एकीकडचे दुसरीकडं ढकलता येत नाहीत. असाइनमेंट झीरो नुसती हात बसायला, तिचे मार्क नाहीत, तिच्यावर रात्र घालवू नकोस. आणि डेडलाइनच्या आधी कितीही वेळा सबमिट कर, शेवटचं जे असेल ते धरतात. म्हणून आधीच एकदा अर्धवट का होईना सबमिट करून टाक आणि मग निवांत सुधारत बस. रात्री ११:५९ ला बटण दाबायला बसू नकोस, तेव्हाच लाइट जाते हा महाराष्ट्राचा नियम आहे.

तुमच्या कॉलेजनंही आता मूडल घेतलंय म्हणालीस, ते वेगळं प्रकरण. ते एलएमएस, म्हणजे कॉलेजचं स्वतःचं ऑनलाइन वर्गाचं सॉफ्टवेअर, आणि ते तुझ्या पोरांसाठी. मूडल फुकट आहे आणि कुणीही आपल्या सर्व्हरवर टाकू शकतं म्हणून इतक्या कॉलेजांत दिसतं. तिथं एकच जागा तुला दाखवून ठेवते कारण दर वर्षी पोरं तिथंच अडकतात. क्विझ सोडवून झाली की खाली 'फिनिश अटेम्प्ट' येतं, पोरगं ते दाबतं, प्रश्नांची यादी समोर येते, 'झालं' म्हणून खिडकी बंद. झालेलं नसतं! त्या यादीच्या खाली 'सबमिट ऑल अँड फिनिश' असतं, ते दाबून परत एकदा विचारल्यावर हो म्हणायचं, तेव्हा कुठं पेपर जातो. असाइनमेंटमध्येही फाइल चढवली तरी कधी कधी 'ड्राफ्ट, नॉट सबमिटेड' लिहिलेलं राहतं. पहिल्याच तासाला फळ्यावर करून दाखव, नंतरच्या रडारडीतून सुटशील.

तुझ्या नोट्स पोरांच्या मोबाइलवर इंग्रजी अक्षरांची भेळ होऊन दिसतात ना, त्यात मोबाइलचा दोष नाही. तू जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतेस, आणि त्यातले बरेच फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर देवनागरीचं चित्र चिकटवतात, फॉन्ट नसलेल्या मशीनवर ते चित्र गळून पडतं आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा नंबर आहे, 'क' चा ०९१५, तो कुठल्याही मशीनवर 'क' च राहतो. आजपासून नवीन सगळं युनिकोडमध्ये टाइप कर, जुन्याची पीडीएफ करून दे, पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसतो. जुनं सगळं बसून बदलत बसू नकोस, आयुष्य जाईल.

वायफायचं म्हणशील तर १०० एमबीपीएसचा प्लॅन असून डाउनलोड सेकंदाला १२ एमबीच दाखवतं म्हणून तू त्या वायफायवाल्या पोराला झापलंस, तो बिचारा बरोबर होता. प्लॅन बिटमध्ये मोजतात, डाउनलोड बाइटमध्ये, आणि ८ बिटांचा एक बाइट. १०० भागिले ८, साडेबारा. त्याला एक चहा पाज. व्हिडिओ अडकत असला तर क्वालिटी ७२० वरून ३६० वर आण, फळ्यावरचं अक्षर तरीही वाचता येतं.

कॅश, कुकीज, क्लाउड, हे सगळं सध्या राहू दे. पान जुनंच दिसत राहिलं तर कंट्रोल दाबून एफ५ दाब, एवढं पुरे. कुकीज उडवल्यास तर लॉगिन परत मागेल, घाबरू नकोस.

आणि लॉगिनवरून आठवलं, तुझ्या स्वतःच्या जीमेलनंच नाव नोंदवलंस ना? कॉलेजच्या मेलनं केलं असशील तर आताच बघ, उद्या बदली झाली आणि तो मेल बंद पडला तर सगळं त्यातच अडकेल. प्रोफाइलमधलं नावही नीट तपास, सर्टिफिकेटवर तेच छापतात, तिथं 'सुमी' लिहून बसली असशील तर बदल. ओटीपी कुणी फोनवर मागितला तर देऊ नकोस, 'सर्टिफिकेट विभागातून बोलतोय' म्हणाला तरी.

दुसऱ्या आठवड्याचा लूपचा, म्हणजे प्रोग्रॅममध्ये तेच काम परत परत करून घ्यायचा, भाग अवघड जाईल, तिथं अडलीस की स्क्रीनशॉट पाठव, मोबाइलनं स्क्रीनचा फोटो काढून नको, त्यात निम्मी ट्यूबलाइटच दिसते. काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव, आणि दिवाळीत इकडं येणार असशील तर आधी सांग.

तुझी,
नीला